बेचाळीस दांडे

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी प्रेमानंदाने ते अंडरवुड टाइपरायटर चौथ्यांदा जागचं हलवलं, तेव्हा मात्र कौसल्येचा धीर सुटला. पंधरा किलोचं लोखंड, साठी ओलांडलेला नवरा आणि त्याची आधीच बोंबललेली कंबर. खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीकडून मधल्या टेबलावर, मधल्या टेबलावरून परत खिडकीकडे, आणि आता पुन्हा मधल्या टेबलावर.

"मशीन हलवून काई होत नाई," हातातलं झेंडूचं तोरण तसंच धरून ती म्हणाली. "आत्याबाईले सांगतलं का तुमी?"

"सांगतो ना."

"कवा? निघाल्या असतील त्या घरून."

हे 'सांगतो ना' दिवाळीपासून चाललं होतं आणि आता जानेवारी अर्धा सरला. मधल्या काळात पाच वेळा तो इंदोऱ्याच्या वस्तीत आत्याकडे जाऊन आला. दर खेपेला चहा झाला, आत्याच्या डोळ्यात थेंब टाकून झाले, बहिणीच्या, नंदिनीच्या, ऑफिसातल्या भानगडी ऐकून झाल्या, आणि दर खेपेला जिना उतरताना त्याने स्वतःला बजावलं की पुढच्या वेळी नक्की. बँकेत तेहतीस वर्षं समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणारा हा माणूस, पण एक्क्याऐंशी वर्षांच्या आत्यासमोर बसला की त्याची दातखीळ बसायची.

धरमपेठेतल्या त्याच्या घराचा अख्खा तळमजला त्या दिवशी टाइपरायटरांनी भरला होता. तेवीस मशिनं, सगळी अमेरिकन, सगळी त्याच्या आजोबांच्या वयाची. दोन्ही अंगांना जाड काचेच्या खिडक्या असलेलं रॉयल. घडी घालून डब्यात बसणारं चिमुकलं कोरोना. अक्षरांचे दांडे बैलाच्या शिंगांसारखे वर उभे असलेलं ऑलिव्हर, ज्याच्यापुढे शेजारपाजारची पोरं हटकून थांबायची. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, शेअर बाजारात पडतात, निदान सकाळी बागेत जाऊन दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलतात. याने कबाड्यांच्या दुकानांचे उंबरठे झिजवले. प्रत्येक मशीन उघडून, धुऊन, तेल पाजून, पॉलिश करून त्याने असं उभं केलं होतं की पाहणाऱ्याने पाहत राहावं. पोरीने, रितिकाने, प्रत्येकापुढे साल आणि गावाचं कार्ड ठेवलं होतं, आणि तीन ठिकाणी पाटी लावली होती: कृपया हात लावू नये.

या तेवीसमधलं एकच मशीन कबाड्याकडचं नव्हतं. ते मधलं अंडरवुड. नंबर पाच, साल एकोणीसशे सव्वीस.

ते प्रेमानंदाच्या बापाचं, आनंदरावांचं. इंदोऱ्यात गजभिये कमर्शियल इन्स्टिट्यूट काढलं, तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावातून ते त्यांनी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलं होतं. पुढे सरकारी कारभार मराठीत येऊ लागला, तशी त्यांच्या धाकट्या बहिणीने, कांताने, उचल खाल्ली. म्हणाली, हे इंग्रजी मशीन मराठी करून घ्या. इंग्रजीच्या बॅचला पोरं बसतात. वस्तीतल्या पोरी मराठीत मॅट्रिक झालेल्या, त्यांनी कुठं जावं? आनंदराव म्हणाले, चांगलं चाललेलं मशीन कशाला बिघडवतेस. ती म्हणाली, बिघडलं तर माझ्या नावावर मांडा.

सीताबर्डीच्या एका बोळात करीम मिस्त्री बसायचा. त्याने बेचाळीस दांड्यांवरची इंग्रजी अक्षरं उतरवली आणि एकेका दांड्यावर दोन अशी चौऱ्याऐंशी मराठी अक्षरं डाग देऊन बसवली. नऊ दिवस लागले, आणि नऊही दिवस कांता त्याच्यासमोर स्टुलावर बसून होती. तो एक दांडा बसवायचा, ती ठोकून बघायची, कागद उजेडात धरायची आणि म्हणायची, केसभर डावीकडे. करीम मिस्त्री कपाळाला हात लावून पुन्हा हातोडी उचलायचा. सगळ्यात जास्त छळलं टिंबाने. एरवी अक्षर उमटलं की वरची गाडी एक घर सरकते. पण टिंबाला ती जागची हलता कामा नये, नाहीतर अक्षर एकीकडे आणि टिंब दुसरीकडे. त्या एका दांड्याची टाच करीम मिस्त्रीने कानशीने घासत घासत तीन दिवसांत जमवली. गजभियांच्या घरातल्या प्रत्येक पोराने ही हकीकत जेवताना इतक्यांदा ऐकली होती की वरणाची चवही तिला लागलेली होती.

त्या मशिनीवर कांताबाईने चाळीसच्या वर वर्षं पोरी शिकवल्या. कुहीहून पहिल्या बसने येणाऱ्या, काटोलहून येऊन मावशीकडे राहणाऱ्या, इंदोऱ्यातल्या तर घरोघरच्या. तिची एकच रीत होती. पोरीच्या हातांवर फडकं टाकायचं, डोळे कागदावर लावायचे आणि बोटांना आपलं आपण शोधू द्यायचं. ज्याने फडक्याखाली डोकावून पाहिलं त्याला पट्टी. प्रेमानंदही त्याच फडक्याखाली शिकला, आणि पट्ट्या त्याने इतरांपेक्षा जास्तच खाल्ल्या, कारण आत्या भाच्याला सूट देते असं कोणी म्हणू नये.

पुढे सरकारने मशीनवरच्या परीक्षा बंद केल्या, इन्स्टिट्यूट बंद पडलं, आणि पाठोपाठ आत्याचे डोळे काचबिंदूने गेले. अडीच वर्षांपूर्वी तिने मशीन प्रेमानंदाला दिलं, पण ते काही सुखासुखी झालं नाही. नंदिनी, त्याची धाकटी बहीण, जिल्हा परिषदेत लघुलेखक, लग्नाच्या भानगडीत न पडता आत्याजवळच राहणारी. तिला ते वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात ठेवायचं होतं. ज्या पोरी त्याच्यावर शिकल्या त्यांच्या नातींना तरी दिसेल, असं तिचं म्हणणं. धरमपेठेत कोण पाहणार, ती म्हणाली, तुमच्या बँकेतले साहेब? बहीणभावांचं महिनाभर बोलणं बंद होतं. शेवटी आत्यानेच निकाल दिला की प्रेम्या मशिनीची काळजी घेते, त्याले नेऊ द्या. आणि नंदिनीसमोर त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली.

"हाय तसं ठेवजो."

त्याने कबूल केलं. अगदी मनापासून केलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग आले मधुकरराव. रामदासपेठेतले निवृत्त इंजिनियर, घरी एकसष्ट मशिनं, आणि शहरातल्या चार संग्राहकांच्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांनी सगळा संग्रह हात मागे बांधून पाहिला, ऑलिव्हरला मान डोलावली, रॉयलला डोलावली, आणि अंडरवुडपाशी येऊन 'अरेरे' म्हणाले. एवढं सुंदर मशीन आणि कोणीतरी त्याचं वाट्टोळं केलंय, म्हणाले. असं अक्षरं बदललेलं मशीन संग्रहात धरत नाहीत, गजभिये. ओरिजिनल ते ओरिजिनल.

ते 'अरेरे' प्रेमानंदाच्या मनात काट्यासारखं मोडून बसलं. त्याने त्यांना सांगायला हवं होतं की ते 'कोणीतरी' म्हणजे माझी आत्या.  आयुष्यभर मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यात आपलं काही कमी पडू नये म्हणून जपत आलेला माणूस. त्याला ते अरेरे झोंबलं. आठ महिन्यांनी कोलकात्याहून त्याच सालचं एक मोडकं अंडरवुड हाती लागलं. त्याचे बेचाळीस इंग्रजी दांडे त्याने पंधरा दिवस खपून आपल्या मशिनीत बसवले, आणि मराठी कळांच्या जागी इंग्रजी कळा. उतरवलेले मराठी दांडे रितिकाच्या हातात देऊन त्याने ते कबाड्याला घालायला सांगितले. संग्राहकाने असं करू नये, हे त्याला कळत होतं. पण घरात राहिले असते तर रोज नजरेला पडले असते.

कौसल्येला त्याने तेव्हाच समजावलं होतं. कळांवर काच असते, बोटाला सगळ्या सारख्याच लागतात. आणि आत्याला आता दिसत नाही, तिला काय कळणार आहे?

कौसल्या त्यावर उठून स्वयंपाकघरात निघून गेली होती.

अकराच्या सुमाराला फाटकाशी ऑटो थांबला. आधी नंदिनी उतरली, मग तिचा हात धरून आत्या. पांढरं पातळ, पायात बाटाची चप्पल, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि पाठ अजून खुर्चीवर बसल्यासारखी ताठ. मागच्या ऑटोतून तिच्या तीन जुन्या विद्यार्थिनी आल्या, तिघीही आता पेन्शनवाल्या, आणि त्यातल्या पार्वतीबाईने तर कुहीहून येताना बोरं आणली होती. जय भीम झाले, पायावर डोकी ठेवून झाली. प्रेमानंदाने आत्याचा दुसरा हात धरला आणि आता सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मधुकररावांची गाडी लागली.

"पाहुणे आले ना गा," आत्याच म्हणाली. "जा, त्यायले पाह्य पहिले."

सुटलो, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच.

उद्घाटन झालं, मधुकरराव दहा मिनिटं बोलतो म्हणाले, पाऊण तासाने थांबले. मग सगळे मशिनं पाहत फिरू लागले. आत्यासाठी पाहणं म्हणजे हात लावणं. तीन पाट्या भिंतीवर आणि तिन्ही तिला दिसत नव्हत्या. तिने रॉयलच्या काचेवरून हात फिरवला, कोरोनाची घडी उघडून मिटली, ऑलिव्हरची शिंगं चाचपून हसली. म्हणाली, याले तर दोरी बांधून पोळ्यात नेता येईन. लोक हसले. मधुकररावांनी पाट्यांकडे पाहिलं, प्रेमानंदाकडे पाहिलं. पण तिला नको म्हणण्याची छाती त्या खोलीत कोणाची नव्हती.

प्रेमानंद तिच्या मागेमागे, पण त्याचं लक्ष तिच्या आणि मधल्या टेबलाच्या अंतरावर. चार पावलं. तीन. त्याने घाईघाईने सांगितलं की वर पोहे तयार आहेत, त्यांच्यावर ओतायची तर्री गरम आहे, गार होईल. कौसल्या जिन्यात उभी होती. तिने स्वच्छ सांगितलं की तर्री गॅसवर आहे, गार होत नाही.

घरचं माणूस असं उलटतं तेव्हा कोणाकडे बघावं?

आणि मधुकररावांनी त्यात भर घातली. त्यांना कोणीतरी नुकतंच सांगितलं होतं की या बाईंनी हजारो पोरी शिकवल्या. ते उत्साहाने पुढे आले, म्हणाले, मग उद्घाटन खरं तुमच्याच हाताने व्हायला हवं. या अंडरवुडवर दोन ओळी होऊन जाऊ द्या. रितिका चटकन बापाकडे पाहायला लागली. तिघी विद्यार्थिनींनी खुर्ची ओढली. नंदिनीने कागद लावला. गाडीत कागद सरळ बसवायला तिला पाहावंही लागलं नाही, पाहिलं असतं तर कळा दिसल्या असत्या. ती आत्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

आत्या बसली. दोन्ही हात कळांवर ठेवले, मनगटं उचलली, आणि क्षणभर तशीच राहिली. मग सुरू केलं. एक ठोका, दुसरा, तिसरा. तिसऱ्या ठोक्याला ती थांबली. प्रेमानंदाला वाटलं, बोटं आखडली असतील, किती वर्षांनी बसलीय. मग ती पुन्हा सुरू झाली आणि मग थांबलीच नाही. तोच जुना ठेका, एकसारखा, ना जलद ना सावकाश. घंटी वाजली, तिने दांडीने गाडी मागे सारली. दुसरी ओळ. परत घंटी. तिसरी ओळ. त्या पेन्शनवाल्या पार्वतीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमानंद कागदाकडे पाहत होता.

कागदावर इंग्रजी अक्षरं पडत होती. डी, के, ए, आर, के. एकही धड शब्द नाही. मराठी कळांच्या जागांवर मराठी माणसाची बोटं पडत होती आणि वर अमेरिकेची अक्षरं उमटत होती.

आत्याने कागद ओढून काढला आणि खांद्यावरून मागे धरला. तो नंदिनीने घेतला.

नंदिनीने पाहिलं. मग वाकून मशिनीच्या कळा पाहिल्या. मग भावाकडे. अडीच वर्षं तिने या घटकेची वाट पाहिली नसेल असं म्हणता येणार नाही. भाऊ शब्द मोडणार हे तिने तेव्हाच आत्याला सांगितलं होतं. आता तिने तोंड उघडायचा अवकाश, की धरमपेठेतल्या या सगळ्या लोकांसमोर प्रेमानंदाचं पाणी पाणी झालं असतं. तो डोळे मिटून वाट पाहत राहिला.

"तूच वाच, दादा," ती म्हणाली आणि कागद त्याच्या हातात दिला.

ही मेहेरबानी आहे की शिक्षा, हे त्याला कळलं नाही. पण तिने वार केला नव्हता, एवढं खरं.

"वाच ना गा," आत्या म्हणाली. "मले कुठं दिसते."

हा गिचमिड कागद त्या खोलीत दोनच माणसांना वाचता येत होता, कारण दोघंही बहीणभाऊ त्या फडक्याखाली शिकले होते आणि दोघांना इंग्रजी कळांच्या जागाही पाठ होत्या. डी म्हणजे क. के म्हणजे काना. ए म्हणजे टिंब. तो एकेक अक्षर मनात परत मराठी करत वाचू लागला.

"कांता नारायण गजभिये, इंदोरा."

विद्यार्थिनी हसल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीला हेच लिहायला लावायची ती, आपलं नाव आणि गाव.

"करीम मिस्त्रीने बसविलेली अक्षरे अजून सरळ पडतात."

मधुकररावांनी चष्मा वर केला. त्यांच्या काही लक्षात येईना. प्रेमानंदाने तिसरी ओळ मनात उलगडली आणि कागद जरा खाली केला. एवढीच ओळ. ही वाचली की झालं. टाळ्या पडतील, फोटो निघेल, कागद खिशात जाईल, नंदिनी बोलणार नाही हे तर दिसलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. ओळ अशी होती: भाच्याने मशीन जसेच्या तसे सांभाळले.

त्याने ती वाचली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांनीच घात केला म्हणा. त्या कानावर पडल्या आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने कागद टेबलावर टाकला.

"आत्या," तो म्हणाला, "ही ओळ खोटी हाय. दुसरीबी खोटी हाय. मी तुह्ये दांडे काढून टाकले."

 आत्या खुर्चीत तशीच बसून होती, हात मांडीवर.

"मले माहीत हाय."

"कोनं सांगतलं?" त्याने कौसल्येकडे पाहिलं.

"कोनं कायले सांगते? माह्या नावावर टिंब हाय ना. तिसरा ठोका टिंबाचा. आन् तिसऱ्या ठोक्याले गाडी सरकली." तिने हात पुढे करून मशिनीवर ठेवला. "सत्तावन्न वर्षांत त्या टिंबाले गाडी कवा सरकली नाई."

फडक्याखाली शिकलेल्या माणसाने असं समजावं की बोटांना दिसत नाही! प्रेमानंदाला त्या क्षणी मनगटावर पट्टी बसल्यासारखं झालं, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग काहून लिवत राहिली वं, आत्या?" नंदिनीने विचारलं. तिचा आवाज ओला झाला होता.

"हा वाचते का नाई, ते पाहाचं होतं."

मधुकररावांना आता कुठे उलगडा झाला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की बाई, तुमच्या भावना समजू शकतो, पण संग्राहकांच्या दृष्टीने पाहिलं तर मशीन आता जसं हवं तसं झालंय. अक्षरं बदलणं हे मशीनचं नुकसानच मानतात.

"कोनाचं नुकसान?" आत्याने विचारलं.

मधुकरराव उत्तर द्यायला वळले. त्यांच्या समोर पार्वतीबाई उभी होती, तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली, हातात बोरांची पिशवी घेऊन. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"दांडे कुठं हायत?" आत्या प्रेमानंदाला म्हणाली.

हे सगळ्यात अवघड होतं. त्याने सांगितलं. कबाड्याले दिले. तेव्हा पहिल्यांदा आत्याची पाठ वाकली. इतक्या वर्षांत ती अशी वाकलेली त्याने पाहिली नव्हती, आनंदराव गेले तेव्हाही नाही. तिने मशिनीवरचा हात काढून घेतला आणि नंदिनीला म्हणाली, चाल, घरी जाऊ.

"थांब ना, आजी." रितिका होती. ती कधी वर गेली आणि कधी खाली आली, कोणाच्या ध्यानात नव्हतं. तिच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तिने बापाकडे पाहिलंही नाही. "मी नाही दिले कबाड्याला. बाबा म्हणाले होते द्यायला. मी नाही दिले."

एवढं बोलून तिने डबा आजीच्या मांडीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा पोरीने त्याचं ऐकलं नव्हतं आणि प्रेमानंदाला तिचे पाय धरावेसे वाटले.

आत्याने झाकण काढलं. दांडे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. ती एकेक बाहेर काढत गेली, अंगठ्याने टोकावरचं उलटं अक्षर चाचपायची आणि ओळीने टेबलावर मांडायची. हा म. हा त. हा क, याने लय सतावलं. कोणी पोह्यांना गेलं नाही. बेचाळीस झाले तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला आणि त्यातला एक उचलला. त्याची टाच एका बाजूने घासलेली होती.

"पहिले हा बसव," ती म्हणाली आणि तो प्रेमानंदाच्या तळहातावर ठेवला.

त्याने विचारलं, माफ केलं का, आत्या. सगळ्यांसमोर विचारलं. आता लपवायचं उरलंच काय होतं?

"बसव पहिले. मंग पाहू, गाडी थांबते का सरकते."

पोहे शेवटी झाले. मधुकररावांनीही खाल्ले, तर्री न घेता. मशीन इथे ठेवायचं नाही, हे कोणी ठरवलं नाही आणि सगळ्यांना कळलं. दुपारी प्रेमानंदाने कंबरेचा विचार न करता अंडरवुड उचललं आणि ऑटोत, आत्या आणि नंदिनीच्या मधल्या जागेत, नीट बसवलं. डबा नंदिनीने मांडीवर घेतला. त्याने सांगितलं की उद्या सकाळी येतो, अवजारं घेऊन, पण आत्या-भाच्यांनी मिळूनही हे लवकर होणार नाही. मी दांडा बसवीन, पण केसभर डावीकडे की उजवीकडे, ते तुलाच सांगावं लागेल.

"मले दिसत नाई," आत्या म्हणाली.

"नंदा कागद पाहीन. तू ठोकजो."

नंदिनीने मान हलवली. म्हणाली, सात वाजता ये दादा, मला ऑफिस आहे. अडीच वर्षांत तिने त्याला घरी ये म्हणायची ही पहिलीच वेळ.

ऑटोवाल्याने किक मारली. आत्याने हात मशिनीवर पसरला होता, रस्त्यात हादरे बसू नयेत म्हणून. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने मान बाहेर काढली, तो जिथे उभा नव्हता त्या दिशेला.

"प्रेम्या, तवा नऊ दिवस लागले होते. तवा मले दिसत होतं, आन् मी चोवीस वर्षांची होती," ती म्हणाली. "आता किती लागतीन, कोनाले ठाऊक. जल्दी ये."